दूरस्थ युनिक्स संगणकावरील आज्ञावलीची खिडकी : 'एक्स' पद्धती व दोषशोधनाचा क्रम

प्रस्तावना :

परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी अध्यापन करीत मोठी गणना करू इच्छिणाऱ्यास महासंगणक आपल्या गावी आणता येत नाही. तशी आवश्यकताही नसते. राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये 'परम ब्रह्म' कार्यान्वित झाला. परभणीपासून पुणे सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. परंतु अशा एखाद्या यंत्रणेवर खाते मिळाले की अक्षरांतून आज्ञा देण्यापुरते तरी हे अंतर जाणवत नाही. अडचण सुरू होते ती आलेख, रेणूची आकृती किंवा एखादी प्रतिमा पडद्यावर पाहावयाची वेळ आली म्हणजे. आज्ञा द्यावी आणि उत्तर यावे, 'कॅन्ट ओपन डिस्प्ले', म्हणजेच पडदा उघडता येत नाही. या एका ओळीपाशी पुष्कळांचे काम अडते. मग कित्येक गिगाबाइटांच्या फाइली उतरवून घेणे किंवा आकृती पाहण्याचाच नाद सोडणे, एवढेच मार्ग उरल्यासारखे वाटतात. वस्तुतः हा दोष बहुधा काही मिनिटांत सापडण्यासारखा असतो. तो कोणत्या क्रमाने शोधावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सर्व्हर कोण आणि क्लायंट कोण?

युनिक्स कुळातील संगणकांवर खिडक्या दाखविणारी 'एक्स' पद्धती १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या 'अथेना' प्रकल्पात रॉबर्ट शायफ्लर व जिम गेटिस यांच्या प्रयत्नांतून आकारास आली. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसृत झाली व तीच आजही वापरात आहे. आज्ञावली एका संगणकावर चालावी आणि तिची खिडकी दुसऱ्याच संगणकावर दिसावी, ही सोय या पद्धतीत मुळापासूनच आहे.

गोंधळ होतो तो शब्दांचा. 'सर्व्हर' म्हटले की दूरचा मोठा संगणक, ही समजूत रूढ आहे. 'एक्स' पद्धतीत मात्र ज्याच्याकडे पडदा, कळफलक व माउस आहे तो सर्व्हर, आणि त्या पडद्यावर चित्र काढण्याची विनंती करणारी आज्ञावली हा त्याचा क्लायंट होय. म्हणजे परभणीच्या टेबलावरील साधा संगणक सर्व्हर ठरतो आणि पुण्याच्या महासंगणकावरील आज्ञावली त्याची क्लायंट! हे ध्यानात न आल्यामुळे दूरच्या व्यवस्थापकाकडे एक्स सर्व्हर बसविण्याची मागणी केली जाते. गरज असते ती आपल्याच टेबलावर. लिनक्स संगणकावर तो बहुधा आधीपासून असतो. विंडोजवर मोबाएक्सटर्म किंवा व्हीसीएक्ससर्व्ह, मॅकवर एक्सक्वार्ट्झ बसवावा लागतो. नुसत्या पुटीने खिडकी उघडत नाही.

दोषशोधनाचा क्रम :

प्रथम आपल्याच संगणकावर 'एक्सक्लॉक' हे छोटे घड्याळ चालवून पाहावे. ते दिसत नसेल तर पुण्याकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही. ते दिसल्यावर एसएसएच या सुरक्षित जोडणीने, एक्स वाहून नेण्याचा पर्याय देऊन, दूरच्या संगणकावर जावे व 'डिस्प्ले' या चलाची किंमत पाहावी. सर्व सुरळीत असल्यास ती सामान्यतः 'लोकलहोस्ट:१०.०' अशी दिसते. त्याचा अर्थ असा की, एसएसएचने दूरच्या संगणकावर ६०१० क्रमांकाचे एक द्वार उघडले असून तेथे येणारी प्रत्येक विनंती ते गुप्त मार्गाने परभणीला पोहोचविते.

किंमत रिकामी असल्यास मुख्यतः तीन कारणे संभवतात. जोडणी करताना पर्याय द्यावयाचा राहिला, पलीकडच्या एसएसएच सेवेत एक्स वहनाची परवानगी बंद आहे, किंवा तेथे 'एक्सऑथ' ही लहानशी आज्ञावली बसविलेली नाही. सविस्तर निरोपांचा पर्याय देऊन पुन्हा जोडणी केल्यास यांपैकी कोणते, ते बहुधा कळते. किंमत आहे पण ती नुसती ':०' अशी दिसते, तर आपल्याच खात्यातील आरंभ-फाइल तपासावी. कोणाच्या तरी जुन्या टिपणातून उतरवलेली एखादी ओळ एसएसएचने दिलेली योग्य किंमत पुसून टाकीत असते.

यानंतरचा प्रश्न परवानगीचा. खिडकी उघडू पाहणाऱ्याने १२८ बिटांचे एक गुप्त चिन्ह दाखवावे लागते. हे चिन्ह 'कुकी' या नावाने ओळखले जाते व खात्याच्या मूळ फोल्डरातील 'एक्सऑथॉरिटी' या लपलेल्या फाइलीत ठेवले जाते. खात्याला दिलेली साठवणुकीची मर्यादा भरली असेल तर ही फाइल लिहिली जात नाही आणि खिडकी नाकारली जाते. चित्राशी काडीचा संबंध नसलेले हे कारण नवख्यास सहसा सुचत नाही, म्हणून मर्यादा आधीच पाहून घ्यावी. तसेच जोडणी झाल्यावर दुसऱ्या वापरकर्त्याचे रूप धारण केल्यास चिन्ह जुन्याच खात्यात राहते, व नव्या खात्यास दार बंद होते.

येथे एका घातक उपायाचा उल्लेख आवश्यक आहे. जुन्या पुस्तकांतून 'एक्सहोस्ट' या आज्ञेपुढे अधिक चिन्ह देऊन सर्वांना प्रवेश खुला करण्याचा सल्ला आढळतो. एक्सच्या रचनेत पडद्याशी जोडलेली एक आज्ञावली दुसऱ्या खिडकीत दाबल्या जाणाऱ्या कळाही वाचू शकते. म्हणजे प्रयोगशाळेतील कोणासही अध्यापकाचा पासवर्ड टिपता येईल. एक्सऑर्गच्या १.१७ या आवृत्तीपासून (२०१५) सर्व्हर जाळ्यावरून येणारी थेट जोडणी मुळात ऐकतच नाही. त्यामुळे हा उपाय पुष्कळदा निष्फळही ठरतो.

एसएसएचमध्ये एक्स वहनाचे दोन पर्याय आहेत. लहान अक्षरांपेक्षा वेगळ्या, मोठ्या 'एक्स'चा पर्याय मूळ व्यवस्थेत दूरच्या आज्ञावलीवर निर्बंध घालतो व वीस मिनिटांनंतर नव्या खिडक्या नाकारतो. चहापूर्वी चालणारी गोष्ट चहानंतर चालेनाशी होते, तिचे कारण पुष्कळदा हेच. काही लिनक्स वितरणांत हे निर्बंध आधीच सैल केलेले असतात. मोठ्या 'वाय'चा पर्याय संपूर्ण विश्वास टाकतो; तो पूर्णतः खात्रीच्या संगणकासाठीच वापरावा.

महासंगणकावर आणखी एक गाठ असते. प्रवेश मिळतो तो प्रवेश-संगणकावर, गणना होते ती आतील वेगळ्या संगणकावर. प्रवेश-संगणकावर घड्याळ दिसूनही आतून खिडकी येत नसेल, तर स्लर्म या कार्यनियोजकास एक्स वहनाचा स्वतंत्र पर्याय द्यावा लागतो.

मंदगती व खंडित जोडणी :

खिडकी उघडते पण रखडते, हा दोष नसून अंतराचा परिणाम होय. समजा एखाद्या आज्ञावलीस खिडकी मांडताना पाचशे वेळा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहावी लागते. महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यात एका फेरीस अर्धी मिलिसेकंद धरल्यास हे पाव सेकंदात आटोपते. फेरीस चाळीस मिलिसेकंद लागल्यास वीस सेकंद जातात. जोडणीची क्षमता वाढवून ही प्रतीक्षा फारशी कमी होत नाही. त्रिमितीय आकृत्यांची अवस्था याहून बिकट असते. त्यांच्यासाठी व्हर्च्युअलजीएल हा स्वतंत्र मार्ग आहे.

अधिक गंभीर बाब विजेची. परभणीत वीज गेली की टेबलावरील सर्व्हर नाहीसा होतो, आणि जोडणी तुटताच पुण्यातील क्लायंट आज्ञावलीही सामान्यतः बंद पडते. न जतन केलेले काम जाते. म्हणून दीर्घ गणना खिडकीतून कधीही चालवू नये; ती स्लर्मकडे सोपवावी व खिडकी केवळ फलित पाहण्यास उघडावी. खिडकीतच दीर्घकाळ काम करणे भाग असेल तर व्हीएनसी, एक्सटूगो किंवा एक्सप्रा यांचा अवलंब करावा. यांत पडदा दूरच्या संगणकावरच राहतो व टेबलावर त्याची प्रतिमा तेवढी येते. वीज परतल्यावर पुन्हा जोडणी केली असता खिडकी सोडली होती त्याच स्थितीत सापडते.