सोळा गावं आणि एक तळटीप

‘विद्यार्थ्यांच्या लेखनातले संदर्भ’ हा विषय संध्याकाळी घर सोडून ऐकायला यावं इतका काही रंजक नाही. तरी तुम्ही आलात. पुढच्या दोन रांगांत पीएच.डी. करणारी मुलंमुली दिसतायत, मागे त्यांचे पालकही असावेत. तेव्हा प्रस्तावना न करता सरळ आपल्या गावापासूनच सुरुवात करतो.

सोलापूरवर लिहिलेला कुठलाही विद्यार्थी-प्रकल्प उघडा. शाळेचा असो, बी.ए.चा असो, नाहीतर एम.फिल.चा असो. पहिल्या पानावर एक वाक्य ठरलेलं असतं: सोळा गावं मिळून हे शहर झालं, म्हणून याचं नाव सोलापूर. त्या वाक्याला तळटीप नसते. का रे बाबा दिली नाहीस, असं विचारलं की उत्तर येतं, ‘सर, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.’

आता गंमत बघा. त्या सोळा गावांची यादी छापलेली आहे. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी, राणापूर, शेखपूर, सोनापूर, वैदकवाडी अशी नावं तिच्यात आहेत. त्याच यादीत सोनलगी आहे, संदलपूर आहे, आणि ‘सोलापूर’ हेही एक गाव आहे! सोळा गावांवरून नाव पडलं म्हणता, मग त्या सोळांतल्या एकाचं नाव आधीच सोलापूर कसं? आमच्या तर्कशास्त्रात याला आत्माश्रय दोष म्हणतात, म्हणजे गोष्ट स्वतःच्याच खांद्यावर चढून बसली. हा दोष दिसायला पीएच.डी. लागत नाही, यादी एकदा नीट वाचावी लागते. पण ज्याने वाक्य दुसऱ्याच्या पानावरून उचललं, त्याने यादी पाहिलेलीच नसते.

दुसरी बाजूही उपलब्ध आहे, आणि ती काही गुप्त नाही. जिल्ह्याच्या सरकारी माहितीतसुद्धा दोन्ही गोष्टी एकाखाली एक दिलेल्या आहेत. कल्याणीच्या कलचुरींच्या काळातल्या शिलालेखांत या गावाचं नाव सोन्नलगे असं येतं. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम कन्नड परंपरेत सोन्नलिगेचे सिद्धराम म्हणूनच ओळखले जातात. मोहोळ तालुक्यात कामती इथे शके 1238 चा संस्कृत लेख आहे, त्यात सोनलीपूर हे नाव आहे. किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर, तर विहिरीवरच्या लेखात संदलपूर. म्हणजे सोळांच्या यादीतली किमान तीन नावं या एकाच गावाची निरनिराळ्या काळातली नावं दिसतात. मग सोळा ही संख्या टिकते का? ते तुम्हीच ठरवा. मला एवढंच म्हणायचंय की एक तळटीप द्यायची सवय असती, तर विद्यार्थ्याला ‘हे कुठे लिहिलंय’ म्हणून शोधावं लागलं असतं, आणि शोधताना हे सगळं त्याच्या हाताला लागलं असतं. तळटीप परीक्षकासाठी असते हा गैरसमज आहे. ती आधी लिहिणाऱ्याला कामाला लावते.

‘पण सर, शंभर ठिकाणी तेच लिहिलंय.’ असेल. शंभरांनी एकाचंच पाहून लिहिलं असेल तर साक्षीदार एकच, बाकीचे नव्व्याण्णव नुसते प्रतिध्वनी.

आमच्या न्यायदर्शनात चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. तुमच्या प्रबंधाचा मोठा भाग हा शब्दप्रमाणावर उभा असतो. दुसऱ्याने सांगितलं म्हणून तुम्ही मानलं. आता कोणाचं सांगणं मानायचं? आप्ताचं. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हो. ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर पुढे जाऊन म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. केवढी मोठी गोष्ट आहे ही! माणूस कुठल्या पदावर बसलाय हे पाहायचं नाही, त्याला ते कसं कळलं हे पाहायचं. संदर्भ देणं म्हणजे माझा आप्त कोण आहे ते वाचकाला उघड सांगणं. मग वाचक स्वतः जाऊन त्याची परीक्षा घेईल.

यातून एक कडक नियम निघतो. जे तुम्ही हातात घेतलं, त्याचाच संदर्भ द्यायचा. कामतीचा लेख तुम्ही जाऊन पाहिला नाही, त्याची माहिती गॅझेटिअरमध्ये वाचली, तर तळटीपेत ‘कामती शिलालेख, शके 1238’ एवढंच लिहून मोकळं व्हायचं नाही. कामतीच्या लेखाचा उल्लेख अमुक गॅझेटिअरच्या अमुक पानावर, असं लिहायचं. यात कमीपणा नाही. उलट उद्या गॅझेटिअरची चूक निघाली तर ती तुमच्या माथी येत नाही. आणि नुसतं ‘सोलापूर गॅझेटिअर’ म्हणूनही भागत नाही. एक 1884 चं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड, आणि दुसरं 1977 चं, महाराष्ट्र शासनाने काढलेलं. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं आहेत. कुठलं ते सांगितलं नाही तर तळटीप म्हणजे पिन कोड नसलेला पत्ता.

शक आणि सनाचाही घोळ होतो. शकात साधारण 78 मिळवले की इसवी सन येतो, म्हणून शके 1238 म्हणजे 1316. जुन्या मराठी पुस्तकांवर बऱ्याचदा फक्त शक छापलेला असतो. तो तसाच द्या आणि शेजारी सन द्या. काही मुलं शकालाच सन समजून लिहितात आणि पुस्तक 78 वर्षं आधीच छापून मोकळी होतात! (हशा)

अवतरणाकडे वळू. दुसऱ्याचे शब्द घेतले तर अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मधलं काही गाळलं तर तीन टिंबं. स्वतःचा शब्द घातला तर चौकोनी कंसात. ही शिस्त साहेबाकडून आली असं कुणी म्हणालं, तर त्याला पैठणला पाठवा. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तोवर तीनशे वर्षांत लेखकूंच्या हातून पाठभेद शिरले होते, कुणी भक्तिभावाने आपल्या ओळीही घातल्या असतील. नाथांनी प्रती पाहून पाठ लावला आणि वर ताकीद दिली की यात कुणी आपली ओवी मिसळू नये. नाथ स्वतः केवढे मोठे कवी! भागवतावर हजारो ओव्या लिहिणारा माणूस. तरी ज्ञानदेवांचं ते ज्ञानदेवांचं, माझं ते माझं, ही रेघ त्यांनी ओढली. मला विचाराल तर मराठीतल्या शैक्षणिक प्रामाणिकपणाची सुरुवात तिथून सांगायला हरकत नाही.

ज्ञानेश्वरीवर लिहिणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पृष्ठ क्रमांकाने काम होत नाही, अध्याय आणि ओवी द्या. आणि प्रत कुठली तेही द्या, कारण एकनाथी परंपरेची प्रत वेगळी आणि राजवाड्यांनी छापलेली वेगळी. ओव्यांचे आकडे पुढेमागे होतात.

विश्वकोशाचंही सांगून टाकतो. मुलं लिहितात, ‘संदर्भ: मराठी विश्वकोश.’ अरे, विश्वकोश काय एका माणसाने लिहिलाय? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, पण नोंदी शेकडो अभ्यासकांच्या आहेत. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं, संदर्भही असतात. ते नाव द्या, नोंदीचं शीर्षक द्या, खंड द्या. त्या माणसाने काही महिने घालवले असतील त्या दोन पानांसाठी.

आता ज्याची सगळ्यांना भीती वाटते ते. टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याबद्दल विनियम केले. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे आकडे पाठ झालेत सगळ्यांचे. पण त्यातून एक विचित्र समज तयार झाला: दहा टक्के चोरी माफ आहे. तसं नाही. यंत्र साम्य मोजतं, चोरी मोजत नाही. योग्य श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांची कलमं हे मोजणीतून वगळायचं असतं, आणि सामान्य माहितीचे सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगही. म्हणजे नीट अवतरण दिलेल्याला भिण्याचं कारण नाही. उलट ज्याने इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मराठीत आणून आपल्या नावावर घातलं, तो यंत्रातून सहसा सहीसलामत सुटतो. शून्य टक्के साम्य आणि शंभर टक्के चोरी, असं होऊ शकतं. भाषांतर केलं म्हणून विचार तुमचा होत नाही. दोन-चार शब्द बदलले, ‘महत्त्वपूर्ण’चं ‘महत्त्वाचं’ केलं, म्हणूनही होत नाही. पुस्तक मिटा, आपल्या शब्दांत लिहा, आणि तरीही संदर्भ द्या, कारण शब्द तुमचे असले तरी मुद्दा त्याचा आहे.

आणि ते नवीन यंत्र, ज्याला प्रश्न विचारला की उत्तर लिहून देतं. ते संदर्भही देतं बरं का. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, सालसुद्धा पटण्यासारखं, फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. असा एक संदर्भ मौखिक परीक्षेत सापडला की बाकीच्या दोनशे खऱ्या संदर्भांवरही संशय येतो.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जिव्हाळ्याचं. आपल्या जिल्ह्यात विडी कामगार स्त्रियांवर, यंत्रमागावर बरंच काम होतं. त्या बाया तुम्हाला दोन-दोन तास देतात. प्रबंधात काय येतं? ‘एका महिलेने सांगितले.’ शेजारच्याच परिच्छेदात परदेशी प्राध्यापकाचं नाव, साल, पान सगळं. वात्स्यायनाचं लक्षण आठवा. तंबाखूच्या धुळीबद्दल आप्त कोण? तिला विचारा, ‘मावशी, तुमचं नाव लिहू का?’ हो म्हणाली तर मान्यतेने लिहा, तारीख आणि वस्तीसकट. नको म्हणाली, कारखानदाराची भीती असेल, तर नाव बदला आणि बदललंय असं स्पष्ट सांगा. पण न विचारताच तिला बिननावाची करायचा अधिकार आपल्याला नाही.

प्रश्न घेऊ.

(श्रोता: सर, मार्गदर्शकांना एपीए हवंय आणि विभागात एमएलए चालतं. बरोबर कुठलं?)

दोन्ही. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. कोणी लिहिलं, काय लिहिलं, कधी, आणि मला ते कुठे सापडलं, एवढं वाचकाला कळलं की स्वल्पविरामावरून कुणी जीव देऊ नये. मात्र मराठीत एक अडचण आहे. आडनाव आधी ही पद्धत ‘केतकर, श्रीधर व्यंकटेश’ यांना ठीक. जनाबाईंचं आडनाव कुठून आणणार? तिथे नाव आहे तसं ठेवा.

(श्रोत्या: माझ्या आजीने 1930 च्या मार्शल लॉच्या आठवणी सांगितल्या होत्या. त्या मी वहीत लिहून ठेवल्यात. आजी आता नाही. ते संदर्भ म्हणून चालेल का?)

चालेल ताई, जरूर चालेल. संदर्भ तुमच्या वहीचा द्यायचा: आजींचं नाव, तुम्ही लिहून घेतल्याची तारीख, 1930 साली त्यांचं वय काय होतं ते. आणि वहीत दोन भाग करा. त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं एकीकडे, घरात नंतर ऐकलेलं दुसरीकडे. चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली, हे कागदोपत्री आहे, त्याला आजींची साक्ष लागत नाही. पण त्या दिवशी तुमच्या गल्लीत चूल पेटली की नाही, हे कुठल्याच गॅझेटिअरमध्ये मिळायचं नाही. तारीख आठवत नसेल तर अंदाजे म्हणून लिहा, आणि वहीची एक झेरॉक्स आजच काढून ठेवा.