पडीक दगडखाण भरण्यापूर्वी

रस्ते, पूल व इमारती यांसाठी लागणारी खडी आपल्या राज्यात मुख्यतः काळ्या पाषाणाच्या खाणींतून मिळते. दगड संपला की खाण बंद पडते. खड्डा मात्र जमीनमालकाच्या पदरी राहतो. पावसाळ्यात तो तुडुंब भरला म्हणजे मुलांच्या व गुरांच्या जिवाला धोका संभवतो. तो बुजवावा असे मालकास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि जमीन स्वतःची असली, तरी हाती येईल तो भराव टाकण्याची मुभा कायदा देत नाही.

अर्ज कोणाकडे करावा?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये जमिनीवरील अभियांत्रिकी कामे ‘विकास’ या संज्ञेत मोडतात. म्हणून शहर हद्दीत महानगरपालिका, नगरपरिषद किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडे व अन्यत्र जिल्हाधिकारी कार्यालयाकडे प्रथम विचारणा करावी. सातबारा उतारा, मोजणी नकाशा, सहहिस्सेदारांची संमती, खड्ड्याची मापे, भरावाचा प्रकार आणि जमिनीचा पुढील उपयोग ही माहिती तयार ठेवावी. खाणपट्टा संपुष्टात आला असून स्वामित्वधनाची बाकी नाही, याचीही खातरजमा करून घ्यावी.

मातीलाही परवाना

भरावाची माती हेही गौण खनिज आहे, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. केंद्र शासनाच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने बांधकामातील भराव व सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी माती गौण खनिजांत समाविष्ट झाली. त्यामुळे अन्य ठिकाणी खोदलेली माती किंवा मुरूम आणताना उत्खननाची परवानगी व वाहतुकीचा पास आहे ना, हे मालकाने पाहिले पाहिजे.

भराव किती लागतो याचाही अंदाज घ्यावा. एक एकर क्षेत्राचा, सर्वत्र १० मीटर खोल असा खड्डा सुमारे ४०,००० घनमीटरचा, म्हणजे १४,००० ब्रासहून अधिक भरतो. दाबून बसविताना माती याहूनही जास्त लागते.

फुकटच्या भरावाचा मोह

एवढी माती महाग पडते. अशा वेळी कोणी कचरा वा कारखान्यातील टाकाऊ माल विनामूल्य टाकण्यास तयार झाला, तर मोह होतो. परंतु काळ्या पाषाणातील भूजल भेगांमधून वाहते. खाणीत झिरपलेले दूषित पाणी त्याच वाटेने शेजारच्या विहिरीत उतरू शकते व विहीर एकदा नासली की ती सहजी सुधारत नाही. औष्णिक वीज केंद्राची राख वापरावयाची असल्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची पूर्वपरवानगी घ्यावी.

भराव थराथराने टाकून प्रत्येक थर रोलरने दाबावा. काळी माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसते. म्हणून बांधकामाखाली ती टाळावी. भरलेल्या जागेवर घर बांधण्यापूर्वी तिची भारवहनक्षमता अभियंत्याकडून तपासून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्येक खाण बुजविलीच पाहिजे असेही नाही. पाणी स्वच्छ असेल व आसपासच्या विहिरींना त्याचा आधार असेल, तर मजबूत कुंपण घालून तो साठा राखणे अधिक हिताचे ठरते. याबाबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घेता येतो. खड्डा एका मालकाचा असला, तरी त्याखालचे पाणी साऱ्या गावाचे आहे. परवानगीमागील हेतू हाच आहे.