फवारा, फडकं आणि गाडीचा रंग
कंपनीच्या पार्किंगमध्ये गाड्या धुताना पाइप सोडला, की पाणी तर वाया जातंच. ते बोअरचं असेल तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डागही उरतात. त्यापेक्षा फवाऱ्याची बाटली आणि मायक्रोफायबरचं फडकं बरं. फवाऱ्यातल्या साबणी रेणूचं एक टोक तेलकट मळाला धरतं, दुसरं पाण्याला. सुटलेला मळ फडक्याच्या तंतूंत अडकतो. पण अशाने ओरखडे पडणार नाहीत का? शंका रास्त आहे. धुळीतले क्वार्ट्‌झचे कण काचेहून कठीण, आणि रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ. मात्र दोष कमी पाण्याचा नाही, कोरडं घासण्याचा आहे. म्हणून धूळ आधी भिजू द्यावी, फडक्याची घडी वारंवार बदलावी. चिखल मात्र पाण्यानेच काढावा.