मागल्या चाकाची घरघर

बेळगावच्या दक्षिणेस अनगोळ आणि त्याला लागूनच उद्यमबाग. ओतशाळा, लेथ आणि ग्राइंडिंगची यंत्रे यांनी हा परिसर गजबजलेला आहे. जुन्या मोटारीचा एखादा भाग बाजारात मिळेनासा झाला, तर तो घडवून देणारे कसबी हात येथे सापडतात. परंतु हात कितीही कसबी असले, तरी दोष नेमका कोठे आहे हे आधी ठरावे लागते. जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या मागल्या चाकाचे बेअरिंग हे याचे चांगले उदाहरण होय.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ ही मोटार भारतात तयार केली. इंग्लंडातील ट्रायम्फ हेराल्ड हे तिचे मूळ. त्याच हेराल्डच्या रचनेवरून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स मोटार निघाली. दोघींचे रूप निराळे, पण मागल्या चाकांची ठेवण मुळात एकच. म्हणून स्पिटफायरविषयी जे सांगावयाचे, ते हौसेने जपलेल्या हेराल्डलाही लागू पडते.

या गाड्यांत प्रत्येक मागल्या चाकास स्वतंत्र आखूड शाफ्ट असतो. त्याच्या आतल्या टोकास युनिव्हर्सल जॉइंट आणि बाहेरच्या टोकास हब. मध्ये हा शाफ्ट एका घरातून जातो व त्या घरात दोन बेअरिंगे बसविलेली असतात. बाहेरचे छर्‍यांचे, ते भार उचलते आणि वळणावरचा आडवा दाबही सोसते. आतले सुईसारख्या बारीक रोलरांचे. ते केवळ भार उचलते. या दुसर्‍या बेअरिंगला आतली कडी नसते. त्याच्या सुया थेट शाफ्टच्या कठीण केलेल्या पृष्ठभागावर फिरतात. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दुरुस्तीचा सारा हिशेब तिच्यावरच अवलंबून आहे.

बेअरिंग झिजले की प्रथम घरघर ऐकू येते. परंतु घरघर टायरची असू शकते, तशीच डिफरन्शिअलचीही. रस्ता बदलताच आवाज बदलला, तर टायरवर संशय घ्यावा. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा सूर निघाला, तर डिफरन्शिअल पाहावे. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल करूनही वेगाबरोबर चढणारी व उतरणारी घरघर कायम राहिली, तर इंजिन निर्दोष ठरते. मग वळणाची कसोटी. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला, तर दोष बहुधा उजवीकडे. उजव्या वळणावर वाढला, तर डावीकडे.

त्यानंतर पुढच्या चाकांना अडण लावून मागला भाग उचलावा व पक्क्या स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलविले असता ते डगमगते. पण तेवढ्यावरून निर्णय देऊ नये. खालचे बुश किंवा युनिव्हर्सल जॉइंट झिजला असला, तरीही चाक हलतेच. म्हणून एकाने चाक हलवावे आणि दुसर्‍याने पाहावे. बेअरिंगचे घर स्थिर असून हबच तेवढे हलत असेल, तर दोष बेअरिंगचा. तरीही शंका उरली, तर डिफरन्शिअलशी जोडलेले चार बोल्ट सोडावेत, हँडब्रेक ढिला करावा आणि चाक हाताने फिरवावे. आता जाणवणारा खरखरीतपणा डिफरन्शिअलचा असू शकत नाही.

दोष ठरला की जोडणी उतरवावयाची. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडण्यापूर्वी स्प्रिंगच्या टोकाखाली आधार द्यावा, कारण स्प्रिंगमध्ये ताण साठलेला असतो. शाफ्ट घरासकट बाहेर काढून बाकावर ठेवावा. हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर इतके घट्ट बसलेले असते, की पुष्कळांचा धीर येथेच सुटतो व हातोडा वर येतो. त्या घावांनी हबची कड वाकते आणि शाफ्टचे आटे बसतात. याला जाड, भक्कम पुलरच हवा. तो आवळून काही वेळ तसाच ठेवावा, पुन्हा आवळावा. हब सुटते तेव्हा मोठा आवाज होऊन ते उडते. म्हणून नट पूर्ण न काढता काही आट्यांवर राहू द्यावा.

आता खरी परीक्षा शाफ्टची. रॉकेलने धुऊन, पुसून, सुया फिरतात त्या जागी नख फिरवावे. नख अडकले, खड्डे दिसले किंवा निळसर डाग आढळला, तर तो शाफ्ट बाद समजावा. अशा शाफ्टवर नवे बेअरिंग चढविणे म्हणजे फाटक्या चपलेला नवा अंगठा लावण्यासारखे आहे. घरघर काही दिवसांत परत येते. वेल्डिंगने खाच भरून लेथवर गुळगुळीत करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, शाफ्ट ठिसूळ होतो. या गाड्यांत चाकाला धरून ठेवणारा आधार म्हणजे हाच शाफ्ट. तो हबजवळ मोडला, तर चाक हबसह बाहेर पडते. चोर्ला घाटाच्या वळणावर याचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको.

नवे बेअरिंग प्रेसवर बसवावे आणि दाब घट्ट बसणार्‍या कडीवरच द्यावा. छर्‍यांमधून गेलेला दाब त्यांचे वण कडीवर उमटवितो. तेलसील नवे घालावे, नाहीतर ग्रीस ब्रेकच्या लायनिंगवर उतरते. ग्रीस चांगले असावे, पण ठासून भरू नये. जादा ग्रीसने बेअरिंग तापते. ब्रेकची नळी सोडली असेल, तर शेवटी तिच्यातील हवा काढावी. पहिल्या फेरीनंतर दोन्ही हबना हात जपून लावावा. एक दुसर्‍यापेक्षा बरेच गरम लागले, तर काम पुन्हा तपासावे.

बेअरिंगची किंमत थोडी, शाफ्टची पुष्कळ. त्यामुळे पहिले बदलून दुसर्‍याकडे काणाडोळा करावासा वाटणे साहजिक आहे. परंतु आवाज थांबला म्हणजे दोष गेला असे नव्हे. शाफ्टवरून नख न अडकता फिरले, तरच ती दुरुस्ती पुरी झाली असे म्हणावे.