संगणकीय दप्तराची नक्कल आणि तिची पडताळणी

चावडीवरील रुमालात बांधलेली दप्तरे आता संगणकात आली असून सात-बारा उताराही तेथूनच मिळतो. या नोंदी ज्या पद्धतीने साठविल्या जातात तिची मूळ कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. माहिती निरनिराळ्या तक्त्यांत ठेवावयाची आणि समान क्रमांकाने ते तक्ते परस्परांशी जोडावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. खातेदारांचा एक तक्ता, जमिनींचा दुसरा. दुसऱ्यातील खाते क्रमांक पहिल्यात असलाच पाहिजे, असा नियम. कोऱ्या नोंदवहीतील छापील रकाने आणि त्यांचे नियम म्हणजे या साठ्याचा आराखडा, अर्थात स्कीमा. केवळ मजकूर जपला आणि आराखडा हरवला, तर कोणती नोंद कोणाची हे सांगणे दुरापास्त होते.

पोस्टग्रेस या प्रचलित प्रणालीत नक्कल घेण्यासाठी पीजी-डम्प नावाची आज्ञावली आहे. काम चालू असतानाही ती एकाच क्षणाचे सुसंगत चित्र टिपते. हवा असल्यास केवळ आराखडाही उतरवून देते. मात्र वापरकर्त्यांची मूळ नोंद या नकलेत येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. नेमके हेच पुष्कळदा विसरले जाते. साठा पुन्हा उभारताना प्रथम तक्ते, मग नोंदी आणि शेवटी तक्त्यांना जोडणारे नियम, असा क्रम असतो. नियम आधी लावल्यास, खातेदारांच्या नोंदी येण्यापूर्वी आलेली जमिनीची नोंद नाकारली जाईल.

नक्कल घेतली जाते असे समजणे आणि ती हाती असणे यांतील अंतर गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री अनुभवले. दुय्यम संगणकावरील साठा पुसावयाचा असताना एका अभियंत्याकडून मुख्य संगणकावरील साठा पुसला गेला. क्षणार्धात चूक ध्यानी आली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरले होते. रोजच्या नकलांची जागा पाहिली, तर ती रिकामी! साठा ९.६ आवृत्तीचा आणि नक्कल घेणारी आज्ञावली ९.२ ची, म्हणून प्रत्येक प्रयत्न फसत होता. त्याची सूचना देणारे ई-पत्रही स्वाक्षरीअभावी नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी घेतलेली प्रत अखेर उपयोगी पडली. तरीही सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती गेली. कंपनीने हा सारा वृत्तांत स्वतःहून प्रसिद्ध केला, हे विशेष.

जुन्या कचेऱ्यांत ताडून पाहिलेल्या प्रतीवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असे. संगणकीय नकलेचे ताडणे म्हणजे ती ठरावीक काळाने दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभारणे, प्रत्येक तक्त्यातील नोंदींची संख्या जुळविणे आणि एखादा जुना उतारा तीतून काढून पाहणे. हे काम नक्कल घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे सोपविणे अधिक चांगले.