पाटी वाचता आली की निपाणी लांब नाही

गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याकडून बरीच मुलं-मुली बेळगावात शिकायला येतात. घरी मराठी, बाजारात मराठी, कट्ट्यावरही मराठीच. पण मध्यवर्ती बसस्थानकावर पाऊल ठेवलं की परका मुलूख सुरू होतो, कारण गाडीच्या पाटीवर सगळी गोल गोल कन्नड अक्षरं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तो वाद अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल. शनिवारी घरी जायचं तर पाटी आजच वाचायला हवी.

आणि ती वाटते तितकी अवघड नाही. वर्णमाला आपलीच आहे, क-ख-ग-घ याच क्रमाने. बदलतो तो आकार. आपला अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये तो अक्षराच्या शेजारी पूर्ण गोल होऊन उभा राहतो, शून्यासारखा. पहिल्याच अक्षरानंतर असं शून्य दिसलं तर ती पाटी संकेश्वरची असू शकते. जोडाक्षराचा दुसरा भाग अक्षराच्या खाली लहान होऊन लटकतो, त्याला ‘ओत्तु’ म्हणतात. आपण निपाणी लिहितो, कन्नडमध्ये ते ‘निप्पाणि’ होतं, म्हणून दुसऱ्या अक्षराखाली बारका ‘प’ लटकलेला दिसतो. एवढ्या दोन खुणांवर या रस्त्याची निम्मी कामं होतात. यमकनमर्डी, हत्तरगी नंतर आपोआप ओळखू येतात.

बोलण्याचं म्हणाल तर ‘निप्पाणिगे होगतैतेन्री?’ एवढं पुरे, म्हणजे ‘निपाणीला जाते का हो?’ शेवटचा ‘री’ विसरू नका. तो आपला ‘हो’ आणि ‘जी’ दोन्ही आहे. कंडक्टरला अण्णा, शेजारच्या बाईंना अक्का. पुढचं संभाषण बहुतेकदा मराठीतच होतं! सुट्ट्या पैशांना तिकडे ‘चिल्लरे’ म्हणतात, तो शब्द तर आपल्याही खिशात आहेच.

खरा घोळ तिकिटाचा आहे, आणि तो मुलींच्या वाट्याला जास्त येतो. कर्नाटकाची ‘शक्ती’ योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे. साध्या सरकारी गाडीत महिलांना प्रवास फुकट, पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता हवा आणि शून्य रुपयांचं तिकीट घ्यायलाच हवं. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. म्हणजे एकाच बाकावर बसून संकेश्वरपर्यंत जाणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी बेळगावची फुकट जाते, आणि गडहिंग्लजची, जी इथे तीन वर्षं राहते, जेवते, परीक्षा देते, ती पूर्ण पैसे मोजते. संकेश्वरला उतरून तिने एसटी धरली तर हद्द ओलांडल्यावर अर्ध्या तिकिटाचा हिशोब सुरू होतो. मला हे फार विचित्र वाटतं. रस्ता एक, डबा एक, आणि भाडं आधार कार्डावरच्या पत्त्याप्रमाणे.

याहून मोठी अडचण म्हणजे गाड्याच बंद होणं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद तापला तेव्हा हे झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून एका कंडक्टरला मारहाण झाली, त्यानंतर पुन्हा झालं. राग कोणाचा कोणावर, आणि बॅगा घेऊन स्टँडवर बसतात ते विद्यार्थी, दवाखान्याला निघालेले म्हातारे आणि माल घेऊन चाललेल्या बायका. अशा वेळी पुढच्या गाडीची वाट बघत ताटकळू नका. आधी चौकशी खिडकीवर विचारा, निपाणीपर्यंत कर्नाटकाची गाडी सुरू आहे का. असली तर तवंदी घाट उतरून निपाणी गाठा. तिथून कोगनोळी आणि दूधगंगेचा पूल ओलांडून कागलपर्यंत वडाप बघायचं, कागलला एसटी. सुट्टे पैसे जवळ ठेवा, आणि अंधार पडायच्या आत निघा.