पिवळं कार्ड आणि सहा दिवस: विमानतळावर आरोग्य खातं काय तपासतं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. घरात कुणी आफ्रिकेला निघालं असेल, तर त्यांना नक्की वाचायला द्या.

करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी थर्मल कॅमेरे पाहिले. त्यामुळे विमानतळावरची तपासणी म्हणजे ताप बघणं, असं डोक्यात बसलंय. पण कॅमेऱ्याला फक्त कातडीचं तापमान कळतं. आजार अंगात शिरलाय पण ताप अजून यायचाय, किंवा विमानात पॅरासिटामॉल घेतलीय, असा माणूस आरामात पुढे जातो. म्हणून खरा भरवसा कॅमेऱ्यापेक्षा कागदावर आणि डासांच्या बंदोबस्तावर असतो. कसं ते सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करू. विमानतळावर छातीत दुखलं, चक्कर आली, तर धावून येतात ते मेडिकल रूमचे डॉक्टर. ती सोय विमानतळ चालवणाऱ्यांची. एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन हे वेगळं, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं कार्यालय. बाहेरून रोग आत येऊ न देणं हे त्यांचं काम. परदेशातून पार्थिव येतं तेव्हा कागदपत्रं बघून परवानगी देणारेही हेच.

त्यांची सगळ्यात कडक नजर असते पीतज्वरावर, म्हणजे यलो फीवरवर. हा आजार आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आहे, भारतात नाही. मग एवढी धास्ती का? कारण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे मुबलक आहे. डेंग्यूवालाच तो! डास आहे, माणसं आहेत, नाहीये तो फक्त विषाणू. तापाने फणफणलेल्या एका प्रवाशाला इथला डास चावला, की साखळी सुरू होऊ शकते. या आजारावर नेमकं औषध नाही, आणि तो गंभीर वळणावर गेलेल्यांपैकी साधारण निम्मे रुग्ण दगावतात.

म्हणून नियम असा: केनिया, युगांडा, नायजेरिया, ब्राझील अशा देशांतून येताना लसीचं पिवळं कार्ड दाखवायचं. तिथे जाताना कुणी विचारो न विचारो, परत येताना भारत विचारतो. आणि इथेच भलेभले अडकतात.

कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. सहाच का? विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. त्या देशातून निघाल्यापासून सहा दिवस ठणठणीत गेले, तर धोका टळला असं धरतात. तुम्ही भारतीय आहात, घर विमानतळापासून दहा मिनिटांवर आहे, याने काही फरक पडत नाही.

दुसरी मेख: लस घेतल्यावर कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, कारण शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला तेवढा वेळ लागतो. आदल्या दिवशी लस घेऊन आठवड्यात परतलात, तर कार्ड हातात असूनही अडचण.

एक दिलासा आहे. पूर्वी कार्ड दहा वर्षं चालायचं. 11 जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं, जुनी कार्डंसुद्धा. लस मात्र सरकारमान्य केंद्रातच घ्या. नऊ महिन्यांखालच्या बाळांना ती सहसा देत नाहीत. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

आता डासांचं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे विमानतळाच्या प्रवासी आणि कामकाजाच्या भागाभोवती किमान 400 मीटरपर्यंत डासांचा बंदोबस्त ठेवावा लागतो. पीतज्वराच्या भागातून येणाऱ्या विमानांत कीटकनाशक फवारतात तेही याचसाठी. डासाकडे पासपोर्ट कोण मागणार?

थोडक्यात, व्हिसाच्या कामाला लागाल त्याच दिवशी लसीची तारीख घ्या. केंद्रांवर ठरावीक वारीच लस मिळते, गर्दीही असते. प्रश्न असतील तर कळवा. भेटू पुढच्या भागात!